नाव खोडायचं मशीन

भांड्यावर नाव घालून देणारा माणूस रत्नागिरीच्या बाजारात कुठे बसतो, हे कोणीही सांगेल. भांड्यावरचं नाव खोडून देणारा कुठे बसतो, हे विचारायची मात्र सोय नाही. विचारलंत की समोरचा आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग तुमच्या पिशवीकडे. चोरीचं असल्याशिवाय भांड्यावरचं नाव कोण कशाला खोडेल? मी त्याच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं, आणि वर दोन प्रश्न जास्त विचारले असते. माझा स्वभावच तसला. दुधात आज पाणी किती, हे दूधवाल्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं काम आमच्या घरी लहानपणापासून माझ्याकडे होतं.

गोष्ट आमच्या धाकटीची. मी थोरली, लग्न होऊन गावातच खालच्या आळीत दिलेली. धाकटी माझ्याहून बरीच लहान, प्राथमिक शाळेत शिकवायची. ऐंशी साल उलटून गेलेलं, रंगीत टीव्ही कुणाकुणाकडे नुकता आलेला. तिचं लग्न ठरलं, साखरपुडा झाला आणि बाबांना दम निघेना. निवृत्त झाल्यापासून त्यांनी तिच्या रुखवतासाठी स्टीलची भांडी एकेक करून जमवली होती. तांबे, फुलपात्रं, वाट्या, झाकणांचे डबे, एक मोठी परात. मुलाकडच्यांनी लग्नात मुलीचं नाव बदलून काय ठेवायचं, तेही बैठकीतच सांगून टाकलेलं. झालं! बाबा पिशव्या भरून बाजारात गेले, भांड्यांच्या दुकानाबाहेर बसणाऱ्या त्या नाववाल्यासमोर स्टूल टाकून ठाण मांडलं आणि प्रत्येक भांड्यावर धाकटीचं होणारं नाव, होणाऱ्या नवऱ्याचं नाव, होणारं आडनाव, सगळं टिंबाटिंबांनी कोरून घेतलं. सुरुवातीला 'सौ.'सुद्धा.

"अहो, अक्षता तरी पडू द्यायच्या," आई म्हणाली.

"मे महिन्याच्या गर्दीत तो माणूस मिळायचा नाही," बाबा म्हणाले.

अक्षता पडल्याच नाहीत. मध्यस्थाकरवी निरोप आला, योग नाही म्हणून. का नाही, ते आजतागायत कळलेलं नाही. कोणीतरी कान भरले, एवढं मी छातीठोकपणे सांगते. कोणी भरले, याबद्दल माझा तिघांवर संशय होता. त्यातले दोघे पुढे वारले, तिसरीशी मी अजून बोलत नाही.

बाबा त्यानंतरच्या थंडीत गेले. भांडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. त्यांच्यावर जिचं नाव होतं ती बाई कधी झालीच नाही, पण तिचा अख्खा संसार आमच्या माळ्यावर पडून होता. नाव बदलण्याचं मला स्वतःला काही नवल नव्हतं. माझंही लग्नात बदललं, सगळ्यांचंच बदलतं, त्यात काय एवढं! आई मला जन्मापासून 'बाय' म्हणते, धाकटी 'ताई'. फक्त बाबा माझ्या सासरच्या अंगणात उभे राहून जुन्याच नावाने हाक मारायचे आणि सासूबाईंच्या कपाळाला आठी पडायची. ते गेले, आठीही गेली.

मग काही वर्षांनी चिपळूणचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, दिसायला बरा, बोलायला कमी. कमी बोलणाऱ्या माणसाचं मला पहिल्यापासून वावडं. बोलत नाही म्हणजे काहीतरी दाबून ठेवतोय. पण धाकटीला पसंत पडला. आईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि बजावलं, की पहिल्या ठरण्यामोडण्याचा चकार शब्द काढायचा नाही. त्याच बैठकीत मुलाच्या आईने नवं नाव जाहीर केलं. देवीचं, छान, चार अक्षरी. धाकटी मान खाली घालून ऐकत होती. ही मान खाली घालते तेव्हा तिच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं, हे मला माहीत आहे.

पाहुणे गेल्यावर आईने माळ्याकडे बोट केलं. "ती भांडी रुखवतात मांडायची. ह्यांनी हाताने आणलेली आहेत."

"मोडीत घाल नि नवी घे," मी म्हटलं.

आईने ओठ आवळले आणि विषय संपला. शिवाय मोडीत घालायची म्हणजे त्याच दुकानात न्यायची, आणि त्या दुकानाबाहेर तोच नाववाला बसलेला. त्याचा हात भांड्यावर असतो आणि तोंड गावभर. त्याला भांडी दाखवणं म्हणजे दवंडी पिटण्यासारखं होतं. तेव्हा नाव खोडायचं, ते घरीच. त्या नावासकट एखादी वाटी जरी चिपळूणकरांच्या नजरेस पडली असती, तरी हेही लग्न मोडलं असतं. आणि दोनदा मोडलं की तिसरं स्थळ उंबऱ्याशी येत नाही. दोघींनी पोतं खाली काढलं.

आधी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. एका झाकणाशी एक अख्खी दुपार झटले. माझी बोटं सोलवटली, झाकणावर ओरखडे उठले आणि नाव जसंच्या तसं, वर आणखी ठसठशीत. शेवटी हे कळलं की फिरणारं काहीतरी हवं, विजेवरचं, हातात मावेल असं.

बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले तर त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "कशाला हवंय, वहिनी?"

आता काय सांगू, कप्पाळ! तोंडाला आलं ते ठोकून दिलं, की आमच्या ह्यांना छंद आहे, पितळेच्या छोट्या छोट्या होड्या करतात. आमच्या ह्यांना पेन्सिलीला टोक करता येत नाही. पण दुकानदार खूश झाला. त्याने मोठं ड्रिल मशीन काढलं आणि म्हणाला, याला पुढे पॉलिशचं चाक लावा. उचलून बघितलं तर पाट्यावरच्या वरवंट्याएवढं जड. एका हातात ते आणि दुसऱ्या हातात फुलपात्र? चाक काठाला अडकलं की फुलपात्र थेट शेजारच्या परसात. मग म्हणाला, सोनारांची टांगायची मोटर असते, लांब नळीची, खाली पायाने चालवायची. मुंबईहून मागवून देतो. किती दिवस लागतील विचारलं तर आढ्याकडे बघायला लागला. आढ्याकडे बघून सांगितलेल्या तारखेवर मी विश्वास ठेवत नाही. वेल्डिंगवाल्याकडचा ग्राइंडर तर मी लांबूनच बघितला. तो लोखंडी खिडक्या कापत होता. त्याने नावाबरोबर तांब्याही खाल्ला असता.

निघताना दुकानदार म्हणाला, "होड्याच करायच्यात ना, मग राजिवड्याला बघा. एक जण कुवेतहून आलाय. हातातलं बारकं मशीन आणलंय त्याने, विकायचं म्हणतो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. दुकानदार स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे धाडतो? यात याचा काहीतरी वाटा असणार. तरी गेले. जाताना घरातला एक चमचा पर्समध्ये टाकला. आमच्या घरचाच, माझ्या सासरच्या नावाचा. मशीन घ्यायचं तर आपल्या वस्तूवर चालवून घ्यायचं, त्याच्या वस्तूवर नाही.

राजिवड्याला खाडीच्या बाजूला त्याचं घर. पडवीत त्याची आई मासळी निवडत होती, तिने बसायला खुर्ची दिली. तो आतून एक निळी पेटी घेऊन आला. तिशीतला माणूस, जहाजांच्या दुरुस्तीच्या कामावर असायचा. मशीन जाड काकडीएवढं, हातात नीट बसणारं. पेटीत चण्याएवढी दगडी चाकं, रबराची चाकं, लोकरीची, बारीक टोकदार पाती, सगळं खणाखणांत लावलेलं. दिसायला फारच देखणं. देखण्या वस्तूकडे मी आधी खालून बघते.

"पिना चौकोनी आहेत," मी म्हटलं. "आमच्या भिंतीत घुसायच्या नाहीत."

"पिन बदलली की झालं, ताई. वीज आपल्यासारखीच आहे."

"तुम्ही म्हणता."

त्याने मशीन उलटं करून त्यावरचे आकडे दाखवले. मी चष्मा लावून वाचले, मग चष्मा पुसून परत वाचले. मग म्हटलं, चालू करा. केलं. म्हटलं, माझा चहा पिऊन होईपर्यंत बंद करू नका. तो हसला, पण बंद केलं नाही. मी चहा सावकाश प्याले. मशीन किती तापतं ते हात लावून बघितलं. कोमट होतं. जळका वास आला तशी मी ताडकन उठले, तर आतल्या चुलीवर सुकट भाजत होते. पुढचं टोक दोन बोटांत धरून हलवून बघितलं, डगडगत नव्हतं. वेग कमीजास्त करायचं एक चाक होतं, तेही फिरवून घेतलं. कमी वेगात आवाज चाचरतो का, म्हणून कान लावून ऐकलं.

"ही चाकं वापरलेली आहेत," मी म्हटलं.

"मीच वापरलीत."

"मग विकताय का?"

"कंपनीने नवं दिलंय. दोन घेऊन काय करू?"

उत्तर इतकं सरळ होतं की त्यात गोम असणारच. मी पेटी उपसली. तळाशी कागदात गुंडाळलेले दोन काळे चौकोनी तुकडे मिळाले. "हे काय?"

"मोटरमधले कार्बन. झिजले की बदलायचे. हे इथे मिळायचे नाहीत, म्हणून संगती आणले. चाकंसुद्धा मिळायची नाहीत. जपून वापरा."

आता मात्र मी हबकले. आपल्या मालाची खोट आपल्या तोंडाने सांगणारा विकणारा मी जन्मात पाहिला नव्हता. आणि मघापासून एक गोष्ट मला टोचत होती. या माणसाने अजून विचारलंच नव्हतं, कशाला हवंय म्हणून. माझ्या पितळी होड्या तोंडातल्या तोंडात तयार होत्या, पण याला पडलेलीच नाही! सगळं गाव विचारतं, हा का विचारत नाही?

मी चमचा काढून त्याच्यासमोर धरला. त्याने दांड्यावरचं नाव बघितलं, रबराचं चाक लावलं, वेग कमी केला आणि हलक्या हाताने फिरवलं. बारीक करडी भुकटी उडाली. मग लोकरीचं चाक, त्यावर हिरव्या वडीचं पॉलिश. बघता बघता माझं नाव गेलं. दांडा आरशासारखा. मला एवढंच वाटलं की चला, चालतंय.

"स्टील आहे, जोरात फिरवू नका. तापलं की निळं पडतं," तो म्हणाला. मग पेटी बंद करता करता सहज बोलल्यासारखं, "मोठी भांडी असतील तर पायात नीट धरा. नाव काढताना हात घसरतो."

मी आवाज खाली आणला. "हे बघा, कोणाला काही बोलू नका."

"कशाबद्दल?" त्याने विचारलं.

त्याला खरंच कळलं नव्हतं की कळून त्याने तसं विचारलं, हे मला आजही सांगता येत नाही. किमतीवरून मी घासाघीस केली आणि पेटी पदराखाली घेऊन परत आले.

त्याच आठवड्यात चिपळूणहून जावई आला. होणारा. दोघांना भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जायचं होतं, तर आईने मला सोबत धाडलं. मी मागे चालले. सुरूच्या बनाशी पोचल्यावर धाकटी बोलायला लागली. हातवारे करून, घाईघाईने. वारा समुद्राकडून येत होता, मला एक अक्षर ऐकू येईना. मी पावलं वाढवली तर तीही वाढवायची. मध्येच तो उभाच राहिला. वाळूकडे बघत. मग त्याने काहीतरी विचारलं आणि तिने मान हलवली. मग परत काहीतरी विचारलं, परत मान हलवली. परतीच्या वाटेवर दोघंही गप्प. मोडलं, मला वाटलं. हिने काहीतरी वेडंवाकडं बोलून ठेवलंय. घरी आल्यावर विचारलं, काय बोलत होतीस एवढं? तर म्हणते, "शाळेतल्या गमती." शाळेतल्या गमती ऐकून माणूस वाळूकडे बघतो होय!

मी कामाला लागले. आईच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की भिंती थरथरायच्या, शेजारी बोललेलं ऐकू यायचं नाही. मी बरोबर तेवढ्यातच मशीन चालवायची. गिरणी थांबली की मीही थांबायची. दुपारी धाकटी शाळेत. मी माजघरात पोतं अंथरून बसायची, तांब्या दोन्ही पायांत दाबून धरायची आणि टिंबं घासत सुटायची. आई दारात बसून तांदूळ निवडायची, म्हणजे निवडायचं नाटक करायची, लक्ष सगळं रस्त्यावर.

नाव जायचं. पण जागा राहायची! पहिल्याच तांब्यावर दिसलं. नावाच्या लांबीचा एक धुरकट पट्टा. लोकरीचं चाक फिरवलं तर पट्टा जास्तच चकाकायला लागला, बाकीचा तांब्या मळका दिसायला लागला. डबे, वाट्या, परात, सगळ्यांवर त्याच जागी तोच पट्टा. आईने एक वाटी उजेडात धरली. "हे तर जास्तच दिसतंय गो."

दिसणारच. नाव असतं तर बघणाऱ्याने वाचून सोडून दिलं असतं. आता मुलाची आई त्यावर अंगठा फिरवणार आणि विचारणार, इथे काय होतं? त्यात फुलपात्रं मोजली तर एक कमी भरलं. मला खात्री होती की गिरणीत दळण टाकायला येणाऱ्यांपैकीच कोणीतरी हात मारला. आईला मी मागचं दार लावून घ्यायला सांगितलं.

आणि मग एका दुपारी गिरणीचा पट्टा सुटला. एकाएकी सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत माझं मशीन एकटं किंचाळत राहिलं. मला बंद करायचं सुचेपर्यंत सगळ्या आळीने ऐकलं असेल. मान वर करते तर दारात धाकटी. शाळा लवकर सुटली होती. आई बिचारी तांदळाच्या ताटावर डुलकी काढत होती.

धाकटीने पोत्याकडे बघितलं. घासलेली भांडी, न घासलेली भांडी. एक डबा उचलून त्यावरचं ते जुनं नाव वाचलं, मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"ताई, मला विचारावंसं नाही वाटलं?"

"तुला कशाला त्रास, म्हणून..."

"त्रास! नाव घालताना कोणी विचारलं नाही, आता खोडतानाही कोणी विचारत नाही. आणि चोरासारखं? गिरणीच्या आवाजात?"

"मग काय चिपळूणकरांना दाखवायचं? मोडेल ना लग्न!"

"त्याला माहीत आहे. भाट्याला सांगितलं मी. तू होतीस की मागे."

आई जागी होऊन भिंतीला टेकली. "काय म्हणाला?" मी विचारलं.

"ती भांडी कुठायत, विचारलं."

"बघ! भांड्यांवर डोळा आहे त्याचा!"

धाकटी इतकी हसली की खाली बसली. मग डोळे पुसून माझ्या हातातून मशीन घेतलं. "हे धरायचं कसं?" मी दाखवलं. तिने पेटीतलं सगळ्यात बारीक टोक शोधून काढलं, ते लावलं आणि पहिल्या तांब्यावरच्या त्या धुरकट पट्ट्यावर टेकवलं. टोक स्टीलवरून सटकलं, एक लांब ओरखडा उठला. तिने परत टेकवलं. गिरणी बंदच होती. अख्ख्या आळीला ऐकू जात होतं आणि तिला त्याचं काही नव्हतं. अक्षरं वाकडी, एक मोठं, एक लहान, शाळेतल्या पहिलीच्या पोरासारखी. तिने स्वतःचं नाव लिहिलं. नुसतं तिचं नाव, तिच्या बारशाला ठेवलेलं. पुढे सौ. नाही, मागे कोणी नाही.

"अगो, हे काय केलंस?" आई कळवळली. "सासरी नवं नाव ठेवणारेत तुझं. ह्या नावाची भांडी घेऊन जाशील? त्यांना काय वाटेल?"

"काय वाटायचं ते आत्ताच वाटू दे," धाकटी म्हणाली.

मला तिचा राग आला. मनापासून आला. एवढी मरमर केली ती हिचं लग्न टिकावं म्हणून, आणि ही आपल्या हाताने सुरुंग लावतेय! मी पेटी ओढायला गेले तर तिने दिली नाही. उरलेली मी करते म्हणाली, आणि पुढचे काही दिवस शाळेतून आली की माजघराचं दार लावून घ्यायची. आतून मशीन आणि तिचं गुणगुणणं दोन्ही ऐकू यायचं.

लग्नाच्या दिवशी मी रुखवताच्या टेबलापासून हलले नाही. पाहुणे येत होते, बघत होते. मधूनच हार्डवेअरवाला आमच्या ह्यांना कोपऱ्यात गाठून, होड्या कुठवर आल्या, विचारत होता आणि हे बिचारे सगळ्याला हो हो म्हणत होते. शेवटी मुलाची आई आली. तिने बरोबर तांब्याच उचलला. मला अपेक्षा होती तस्साच अंगठा फिरवला, त्या पट्ट्यावरून, त्या अक्षरांवरून. नाव वाचलं. माझ्याकडे बघितलं.

"घाईत घातलेलं दिसतंय," म्हणाली आणि तांब्या खाली ठेवून पुढे गेली.

घाईत घातलेलं! म्हणजे काय? कळलं हिला? का अक्षराला नावं ठेवली? का आता गप्प राहून नंतर बघून घेणार? पंगतीत माझ्या पानात जिलबी तशीच राहिली. मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ती मठ्ठा मागत होती.

चिपळूणला परतायची घाई, म्हणून लक्ष्मीपूजन कार्यालयातच उरकायचं ठरलं. ताटात तांदूळ पसरले, भटजींनी मुलाच्या हातात सोन्याची अंगठी दिली आणि म्हणाले, लिहा नाव. सगळ्या बायका पुढे वाकल्या, मी सगळ्यांच्या पुढे. तो सावकाश लिहीत होता. पहिलं अक्षर उमटलं आणि मी आणखी वाकले, कारण ते देवीच्या नावाचं अक्षर नव्हतं. दुसरंही नव्हतं. तांब्यावरचं नाव होतं ते. धाकटीचं, आमच्या घरचं.

"अरे, हे कुठलं?" त्याची आई म्हणाली. "आपलं काय ठरलं होतं?"

"आई, भांड्यांवर हेच घातलंय," तो म्हणाला. "आता ते कोण खोडत बसणार?"

बाई रुखवताच्या टेबलाकडे बघत राहिली. एवढी भांडी. तिच्या मनात हिशेब चाललेला मला दिसत होता. "तेही खरंच," ती शेवटी म्हणाली. "राहू दे मग." आणि पेढ्याची ताटली पुढे सरकली. धाकटी मान खाली घालून बसली होती. हे दोघांचं भाट्यालाच ठरलेलं होतं, मी पैजेवर सांगते. तो वाळूकडे बघत काय विचारत होता ते मला तेव्हा कळलं. मला रडू आलं, आणि असल्या गोष्टी बहिणीपासून लपवते म्हणून तिला एक धपाटाही घालावासा वाटला. दोन्ही राहून गेलं, गाडी आली.

वरात गेल्यावर कार्यालयात उरली ती आम्ही आणि भांडी. घरची, शेजाऱ्यांकडून आणलेली, सगळी एकात एक मिसळलेली. म्हणून तर नावं घालतात. मी नावं वाचून ढीग लावत होते, हे समोरच्यांचं, हे गिरणीवाल्यांचं, हे आपलं. आई एका खांबाला टेकून बसली होती. आणि आमच्या ढिगात मला एक फुलपात्र मिळालं, नवंकोरं, त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत कोणा मुलीचं नाव.

मी ते उजेडात धरलं. नुसतं नाव, पुढे-मागे काही नाही. झालं! कोणाचं तरी भांडं आमच्यात आलंय, म्हणजे आमचं कोणाकडे तरी गेलंय. या कार्यालयवाल्यांवर मला सकाळपासूनच संशय होता.

"आई, हे कोणाचं गो?" मी म्हटलं. "या नावाची आपल्या आळीत तर कोणीच नाही. थांब, त्या कार्यालयवाल्यालाच जाऊन विचारते."

मी पदर खोचून निघालेच होते. आईने हात धरला.

"अगो बाय, कोणाला विचारतेस? तुझंच ना ते."